हळदीचं मटण वातड का झालं: एका कोल्ड रूमचं प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी सातलाच अण्णांचा फोन आला. हडपसरच्या पुढे त्यांचा केटरिंगचा व्यवसाय आहे. लग्न, हळद, बारसं, वास्तुशांत, सगळं करतात. माणूस एरवी मोठ्यानं बोलणारा, पण त्या दिवशी आवाज खाली होता. "ताई, तुम्ही येऊन ती खोली एकदा बघाच. परवा हळदीला माणसं मटण ताटात तसंच टाकून उठली. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

ती खोली म्हणजे दसऱ्याच्या सुमारास कर्ज काढून बसवलेली वॉक-इन कोल्ड रूम. मी अन्नतंत्रज्ञान शिकले आणि आता छोट्या उद्योगांना साठवणुकीबद्दल सल्ला देते. ही खोली बसवताना मात्र मला कुणी विचारलं नव्हतं. बसवणाऱ्यानं "जितकं थंड, तितका माल टिकतो" असं सांगितलं, काटा २ अंशांवर लावून दिला आणि तो निघून गेला. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय आणि त्यापायी इतका चांगला माल उकिरड्यावर गेलेला पाहिलाय, की हे प्रकरण सविस्तर लिहायचं ठरवलं. अण्णांची परवानगी घेतली आहे.

काय काय बिघडलं होतं

कार्य एकच, तक्रारी तीन. शनिवारी संध्याकाळी हळद होती, साडेतीनशे पानं. मटण दोन तास शिजलं, वर आणखी अर्धा तास ठेवलं, तरी दाताखाली रबरासारखं. रविवारी सकाळी मिसळ होती. तिच्यासाठी भिजवलेल्या मटकीला मोडच आले नाहीत. पातेल्याचं झाकण काढलं तर आंबूस वास आणि हाताला बुळबुळीत. ऐनवेळी पांढऱ्या वाटाण्यावर वेळ मारून नेली. दुपारच्या जेवणात भरली वांगी होती. चिरली तर आतलं बी तपकिरी. कोशिंबिरीचे टोमॅटो अर्धे लाल, अर्धे पिवळट, त्यावर बारीक खड्डे. सत्यनारायणाच्या प्रसादाची केळी राखाडी पडलेली.

प्रत्येकानं आपापला गुन्हेगार ठरवून टाकला होता. आचारी मामांचं म्हणणं, खाटकानं जून बोकड गळ्यात मारला. अण्णांना वाटत होतं, मटकी मागच्या वर्षाची असणार. त्यांचा मुलगा मार्केट यार्डातल्या गाळेवाल्याशी फोनवर भांडून मोकळा झाला होता. खोलीवर कुणाचाच संशय नव्हता, कारण खोली तिचं काम चोख करत होती. दार उघडलं की गार धुकं पायावर यायचं.

मी मंगळवारी गेले आणि चार छोटे तापमापक रात्रभर खोलीत वेगवेगळ्या जागी ठेवले. बाहेरच्या पाटीवर २ अंश दिसत होते. दाराजवळ ४ निघाले आणि पंख्याच्या बरोबर खाली, जिथे मटणाचे ट्रे ठेवायचे, तिथे मधूनमधून उणे अर्धा अंश. एकाच खोलीत खाली मटण, वर भाजी, कोपऱ्यात भिजवलेली मटकी आणि तिच्या शेजारी कोरड्या कडधान्यांच्या गोण्या. कच्चं मटण आणि कोशिंबिरीचा माल एकत्र ठेवायचा नाही, हे मी त्याच दिवशी बजावलं. त्याचा या तीन तक्रारींशी संबंध नव्हता, पण ते तसंच सोडणं शक्यच नव्हतं.

मटार कसा काय चांगला राहिला?

हा प्रश्न अण्णांच्या मुलानं विचारला, आणि खरं तर त्यानंच सगळ्याचं दार उघडलं. त्याच खोलीत, त्याच मांडणीवर सासवडचा मटार होता, गाजरं होती, फ्लॉवर होता. सगळं ताजं, टवटवीत. "खोली खराब असती तर मटारही गेला असता ना, ताई?"

खोली खराब नव्हतीच. मटार, गाजर, फ्लॉवर, पालक ही थंड हवेची पिकं. त्यांना ० ते २ अंश मानवतं. मटाराला तर तोडल्यावर लवकरात लवकर गार करावंच लागतं, नाही तर त्यातली साखर भराभर पिठात बदलते आणि दाणा बेचव होतो. टोमॅटो, वांगं, काकडी, केळं, आंबा ही मंडळी उष्ण मुलखातली. झाडावरून तोडलं तरी फळ मरत नाही, ते श्वास घेत राहतं, पिकत राहतं. या जिवंत फळाला बर्फ होण्याच्या कितीतरी आधीच, १०-१२ अंशांच्या खालीच इजा व्हायला लागते. गोठणं वेगळं आणि ही थंडीची इजा वेगळी, हा भेद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हान्स मोलिश या ऑस्ट्रियाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं स्पष्ट केला होता.

आतमध्ये काय होतं, ते मी अण्णांच्या आईंच्या कपाटातली खोबरेल तेलाची बाटली मागवून दाखवलं. पुण्यात डिसेंबरात खोबरेल थिजतं, शेंगदाण्याचं तेल थिजत नाही. दोन्ही तेलंच, पण घडण वेगळी. पेशीभोवतीचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच असतं. थंड मुलखातल्या झाडांचं आवरण शेंगदाण्याच्या तेलासारखं, थंडीतही पातळ राहणारं. उष्ण मुलखातल्यांचं खोबरेलाच्या वळणाचं. ते थिजायला लागलं की त्याचा लवचिकपणा जातो, आतलं पाणी आणि क्षार पाझरतात, श्वसनाचा ताळमेळ सुटतो. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी हे स्पष्टीकरण पुढे आणलं. नंतर त्यात बरीच भर पडली, पण गाभा आजही तोच आहे.

फसवणूक अशी, की इजा खोलीत असताना दिसत नाही. थंडीत सगळंच शांत असतं. फळ बाहेर काढलं, ऊब मिळाली, पिकण्याची कामं सुरू झाली की मोडलेलं घर उघडं पडतं. खड्डे पडतात, डाग येतात, बुरशी धरते, रंग अर्धवट चढतो. म्हणूनच मुलाला वाटलं की माल मुळातच खराब होता. खोलीतून काढला तेव्हा तर तो छान दिसत होता! मी त्याला एक केळं सोलायला लावलं. सालीची आतली बाजू नखानं हलकेच खरवडली की तिथे बारीक तपकिरी रेषा दिसतात, पेन्सिलीनं ओढल्यासारख्या. वरून साल अजून पिवळी असली तरी या रेषा आलेल्या असतात. केळ्याला थंडी लागल्याची ही पहिली खूण. वांग्यात तीच खूण काळवंडलेल्या बियांत दिसते.

केळ्याला १३ अंशांच्या खाली नेऊ नये. हिरव्या टोमॅटोची मर्यादाही तिथेच, पूर्ण लाल टोमॅटो १० पर्यंत सोसतो. वांगी आणि काकडी १० ते १२. टोमॅटोच्या चवीचा हिशोब आणखी वेगळा आहे. २०१६ साली फ्लोरिडा आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं, की ५ अंशांत आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोत साखर आणि आम्ल जवळपास तेवढंच राहतं, पण वास देणारी द्रव्यं घटतात. ती तयार करणारी जनुकंच थंडीत दबतात आणि बाहेर काढल्यावरही पुरती सावरत नाहीत. फ्रिजमधला टोमॅटो आंबट-गोड लागतो पण टोमॅटोसारखा लागत नाही, ही घरोघरची तक्रार खरीच आहे.

मटकी

मिसळीची मटकी गुरुवारी रात्री भिजत घातली होती. पूर्वी मामा ती स्वयंपाकघरातच ठेवायचे. या वेळी नवी खोली आहे, मग उघड्यावर कशाला, म्हणून पातेलं पाणी घालून थेट कोल्ड रूममध्ये गेलं. शुक्रवारी सकाळी उपसली, फडक्यात बांधली, बाहेर ठेवली. शनिवार गेला, रविवार उजाडला, मोड नाहीत.

मटकी जुनी आहे का, हे पाहणं सोपं होतं. त्याच पोत्यातले शंभर शंभर दाणे तीन वाट्यांत घेतले. पहिली वाटी कोल्ड रूममधल्या गोणीतली कोरडी मटकी. ती दोन महिने त्याच थंडीत पडून होती. ती बाहेर कोमट पाण्यात भिजवली. दुसरी वाटी कोल्ड रूममधल्याच गार पाण्यात भिजवून आठ तास तिथेच ठेवली, मग बाहेर काढली. तिसरी बाहेर कोमट पाण्यात आठ तास भिजवली आणि मग रात्रभर कोल्ड रूममध्ये ठेवून बाहेर काढली. नंतर तिन्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवल्या.

पहिलीतले गणंग, म्हणजे न भिजणारे कडक दाणे, सोडले तर जवळपास सगळ्या दाण्यांना मोड आले, पांढरे, लांब, सरळ. म्हणजे मटकी जुनी नव्हती आणि दोन महिन्यांच्या थंडीनं तिचं काही बिघडलंही नव्हतं. तिसरीतले मोड एक दिवस उशिरा आले, पण आले. दुसऱ्या वाटीत निम्म्यांनाही मोड नव्हते. ज्यांना होते त्यांचं टोक तपकिरी, खुरटलेलं.

पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राबरोबर मिळतं तसं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले पदार्थ, मोजायचं पेनासारखं यंत्र माझ्या पिशवीत असतंच. ते दोन्ही वाट्यांच्या भिजवणीच्या पाण्यात बुडवलं. गार भिजवणीचा आकडा कोमट भिजवणीच्या दीडपटीहून वर गेला. दाण्यातलं काय काय पाण्यात उतरलं होतं, त्याची ती मोजणी. पाणी धूसर होतं आणि वाटीच्या कडेला बारीक फेस.

त्याचं कारण असं. कोरड्या बियाण्यात पाणी इतकं कमी असतं की पेशींची आवरणं सुरकुतलेली, विस्कटलेली असतात. पाणी आत शिरलं की पहिल्या काही मिनिटांत-तासांत ती पुन्हा नीट बसतात. त्या वेळात थोडा पाझर होतोच, पण आवरण बसलं की तो थांबतो. पाणी गार असेल तर आवरण थिजलेलं, ते बसतच नाही. साखर, क्षार, अमिनो आम्लं बाहेर येत राहतात आणि त्यावर जिवाणूंची मेजवानी होते. बुळबुळीतपणा आणि वास तिथूनच आला. सोयाबीन, घेवडा, कापूस, मका या पिकांत शेतावर नेमकं हेच होतं. गार मातीत पेरलं आणि लगेच पाणी दिलं की बी कुजतं, आणि शेतकरी बियाण्याच्या दुकानदाराला धरतो. पेरणीनंतरचे पहिले तास उबदार गेले, तर नंतरची थंडी तेच बी बऱ्यापैकी सोसतं.

कोरड्या बियाण्याचं मात्र अगदी उलट. ते जितकं कोरडं आणि जितकं थंड, तितकं दीर्घायुषी. बियाण्यातला ओलावा एका टक्क्यानं कमी केला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान ५ अंशांनी उतरवलं तरी तसंच, हा हॅरिंग्टन या संशोधकाचा ठोकताळा बियाण्याच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बियाणे तिजोरीत, जी २००८ साली सुरू झाली, जगभरचं बी उणे १८ अंशांत ठेवलेलं आहे. शिवाय गोणीतल्या कडधान्याला थंडीत भुंगा लागत नाही, हा अण्णांचा आणखी एक फायदा. फक्त गोणी बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही. गार दाण्यांवर दव धरतं आणि ओल येते. एक दिवस बंदच ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्यायची. (सगळीच बियाणी अशी नसतात. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाचं बी वाळवलं तर मरतं. ती अशा थंडीतही टिकत नाहीत.)

अण्णांच्या आई हे सगळं शेजारच्या पाटावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "थंडीच्या दिवसांत मटकीला कोमट पाणी घालायचं असतं, हे सांगायला लागतं का? मी तर तांदळाच्या डब्यात दडवून ठेवायची." मामांनी मान खाली घातली. त्यांचा दोष नव्हता. कोमट पाणी कशासाठी, हे कधी कुणी सांगितलंच नसेल, तर नवी खोली आल्यावर ते सुटणारच.

मटण

आता मूळ तक्रारीकडे येते. मामा मटकीचं चटकन मान्य करून गेले, पण मटणाबाबत ऐकायला तयार नव्हते. "मटण थंडीत खराब होतं असं म्हणू नका, ताई. सगळं जग फ्रिजमध्ये ठेवतं." बरोबर होतं त्यांचं. म्हणून मी आधी त्यांच्याकडूनच क्रम समजून घेतला.

खोली यायच्या आधी हळदीच्या दिवशीच पहाटे बोकड कापायचे, सहापर्यंत तुकडे होऊन यायचे, सातला पातेलं चुलीवर. या वेळी सोय म्हणून आदल्या दिवशी, शुक्रवारी पहाटे चारलाच कापले. साडेपाचला तुकडे आले, अजून हाताला गरम. लवकर गार व्हावेत म्हणून मामांनी ते पसरट ट्रेमध्ये एकेरी थरात मांडले आणि पंख्याखाली ठेवले. स्वच्छतेच्या दृष्टीनं यात काहीच चूक नव्हती. मी त्यांना तसं मोकळेपणानं सांगितलंही. पण मांसाच्या दृष्टीनं याहून वाईट वेळ निवडता आली नसती.

जनावर मरतं तेव्हा त्याचे स्नायू लगेच मरत नाहीत. त्यांच्यात साठलेली साखर असते, ताकद असते. पुढचे काही तास ते त्या शिदोरीवर जगतात. रक्त थांबल्यामुळे प्राणवायू मिळत नाही, म्हणून साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि मांसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ७ च्या आसपासून हळूहळू ५.६-५.८ पर्यंत उतरतो. शिदोरी संपली की स्नायूचे तंतू एकमेकांत अडकून बसतात आणि मांस ताठतं. पुढे गारव्यात एक-दोन दिवस राहिलं, की मांसातलीच विकरं (एन्झाइम) त्या तंतूंना हळूहळू सैल करतात. हा नेहमीचा प्रवास.

शिदोरी शिल्लक असतानाच स्नायू १० अंशांच्या खाली गेला तर वेगळंच घडतं. स्नायूच्या आत कॅल्शियम पिशव्यांत बंद करून ठेवलेलं असतं. आकुंचनाचा हुकूम हे कॅल्शियमच देतं. थंडीत या पिशव्यांना ते धरून ठेवता येत नाही. ते सुटतं, आणि ताकद अजून शिल्लक असल्यामुळे स्नायू जोरात आखडतो. आखडलेलाच ताठतो. हाडाला जोडलेला असेल तर हाड त्याला थोडं तरी ताणून धरतं. तुकडे केलेले असतील तर अडवणारं कुणीच नाही.

हे न्यूझीलंडमध्ये उलगडलं. तिथून १८८२ पासून गोठवलेलं कोकराचं मांस जहाजानं ब्रिटनला जात असे. गोठवण्याची यंत्रं सुधारली, काम झटपट व्हायला लागलं, तशा मांस चिवट असल्याच्या तक्रारी वाढल्या. यंत्र चांगलं झालं आणि मांस वाईट! अण्णांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा थोडे हसले. १९६३ साली लॉकर आणि हॅगयार्ड या तिथल्या दोन संशोधकांनी ताजे स्नायू वेगवेगळ्या तापमानांत ठेवून त्यांची लांबी मोजली. १४ ते १९ अंशांच्या दरम्यान स्नायू सगळ्यात कमी आखडतो आणि ० च्या जवळ सगळ्यात जास्त, असं त्यांना आढळलं. बोकड आणि मेंढी यात जास्त सापडतात. अंग लहान, वर चरबीचं पांघरूण पातळ, त्यामुळे चटकन गार होतात. कोंबडी लवकर ताठते, तिला हा धोका कमी.

मामांना हे शब्द नको होते, त्यांना पुरावा हवा होता. म्हणून गुरुवारी पहाटे पाचला मामा आणि मी खाटकाकडे गेलो. एका बोकडाची एक रान, म्हणजे मागची मांडी, घेतली. तिच्या एकाच स्नायूतून, धाग्याच्या दिशेनं, बोटाएवढ्या जाडीच्या दोन पट्ट्या कापल्या, दोन्ही दहा-दहा सेंटिमीटर. अण्णांच्या नातवाची शाळेची पट्टी सोबत नेली होती. एकेक पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घातली. एक पिशवी बर्फाच्या पाण्यात टाकली, दुसरी १५ अंशांच्या पाण्यात. पहाटेचं नळाचं पाणी तसंही गारच होतं, मग त्यात अधूनमधून थोडा बर्फ टाकत ते सांभाळलं.

तासाभरातच बर्फातली पट्टी बदलायला लागली. कडा आत वळल्या, मधला भाग फुगला. मामा दर थोड्या वेळानं येऊन पिशवी उचलून बघायचे, काही न बोलता परत ठेवायचे. संध्याकाळी चारला मोजलं. १५ अंशांतली पट्टी नऊ सेंटिमीटर, मऊ, चपटी. बर्फातली साडेसहा. बोटाएवढी पट्टी अंगठ्याएवढी जाड झाली होती आणि दाबली तर रबरी चेंडूसारखी परत उसळत होती. दोन्ही एकाच पातेल्यात, एकाच वेळी शिजवल्या. मामांनी आधी बर्फातली चावली, मग दुसरी. थोडा वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "एकाच बोकडाची एकच रान. आता जून कुणाला म्हणू?" आणि खिशातून फोन काढून खाटकाला लावला. शनिवारी त्याला बरंच बोलले होते.

कच्ची पपई लावली असती तर, असं अण्णांनी विचारलं. पपईतलं विकर वरवर काम करतं, पण इतक्या आखडलेल्या मांसाला ते पुरं पडत नाही. जास्त शिजवून कातडी-शिरांचा भाग विरघळतो, तंतू आखडलेलेच राहतात. एकदा आखडून ताठलेलं मांस पुढे दोन दिवस फ्रिजमध्ये मुरत ठेवलं तरी म्हणावं तसं सुटत नाही.

म्हणजे तिन्ही तक्रारींच्या मुळाशी थंडीच होती, पण "किती थंड" हा प्रश्न अपुरा होता. थंडी आली तेव्हा त्या जिवाचं काय चाललं होतं, हे कुणी पाहिलं नव्हतं. टोमॅटो पिकायच्या तयारीत होता, मटकी पाणी पीत होती, मटण अजून पुरतं मेलेलं नव्हतं. कोरडी मटकी, मोड आल्यानंतरची मटकी, ताठून गेलेलं मटण यांना हीच खोली हवी आहे.

काय बदललं

खोली तशीच ठेवली, २ अंशांवर. पंख्याखालची जागा रिकामी केली. आता बाकीच्या खोलीत मटार, गाजर, फ्लॉवर, दूध, पनीर, मोड आलेली मटकी आणि कोरडी कडधान्यं असतात. मांस झाकलेल्या डब्यांत, वेगळ्या मांडणीवर, सगळ्यात खाली.

टोमॅटो, वांगी, काकडी, केळी यांच्यासाठी मी काहीच विकत घ्यायला लावलं नाही. मागची पत्र्याची पडवी डिसेंबरातल्या रात्री १२-१४ अंशांवर असते, दिवसा सावलीत विशीच्या आसपास. टोमॅटोला याहून चांगली खोली कुठली? अण्णा म्हणाले, मग क्रेट अंगणातच ठेवू, अजून गार. तिथे मात्र मी नको म्हटलं. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखालच्या वस्तू हवेपेक्षाही गार होतात. शिवाय पुण्याच्या हवामान खात्यात शेती-हवामान विभाग उभा करणाऱ्या एल. ए. रामदास यांनी १९३२ साली दाखवलं होतं, की शांत रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटून नसते, थोडी वर असते. बरोबर क्रेटच्या उंचीला! पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. तेवढी थंडी रोज पडत नाही, पण सात-आठ अंशांच्या रात्री दर हिवाळ्यात येतात, आणि टोमॅटोला त्या पुरेशा आहेत. क्रेट पडवीतच, वर गोणपाट. उन्हाळ्यासाठी विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून करतात तो शीतकक्ष बांधायचं ठरलंय, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं विकसित केलेला. विजेविना चालतो, कोरड्या हवेत उत्तम.

मटणाचा मार्ग थोडा खटपटीचा निघाला. शक्य तिथे जुनीच पद्धत, पहाटे कापून सकाळीच चुलीवर, ताठायच्या आधी. आदल्या दिवशी आणायचंच असेल तर तुकडे करून नाही, हाडासकट अख्ख्या रानी आणि पुढचे पाय. अण्णांकडे थंड पेयांचा एक जुना उभा कूलर पडून होता. त्याला बाहेरून तापमान-नियंत्रक लावून तो १४ अंशांवर बांधला, आत धुतलेले आकडे टांगले. पहाटे आलेल्या रानी त्यात टांगून नऊ-दहा तास ठेवायच्या, मग कोल्ड रूममध्ये, तुकडे दुसऱ्या दिवशी. सामूच्या पट्टीवर ६ च्या खाली उतरल्याशिवाय आत न्यायचं नाही. यात स्वच्छता जराही ढळता कामा नये. पाण्यानं धुवायचं नाही, एकमेकांना चिकटवायचं नाही, ठरलेल्या तासांपेक्षा एक तासही जास्त नाही. खिमा आणि कलेजीला हा नियम लागूच नाही, ते आलं की शिजवायचं किंवा थेट थंडीत.

बटाट्यांचा प्रश्न सुटलेला नाही. थंडीत बटाट्याचं पीठ साखरेत बदलतं आणि भजी-वेफर्स तळताना काळपट होतात. अण्णांकडचे बटाटे कोल्ड रूममधून बाहेर काढले, पण ते घेतात तो मालच बऱ्याचदा शीतगृहातून आलेला असतो. दोन आठवडे बाहेरच्या हवेत ठेवल्यावर थोडा फरक पडतो, पुरता नाही. मंचरकडचा ताजा माल थेट मिळतो का, ते त्यांचा मुलगा बघतोय. गाळेवाल्याशीही त्यानं बोलणं पुन्हा सुरू केलं आहे.

फेब्रुवारीत मुंढव्याला एक हळद होती, चारशे पानांची. त्या शुक्रवारी पहाटे मी मुद्दाम गेले. कूलरमध्ये सहा रानी टांगलेल्या होत्या, प्रत्येकीला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. त्यावर मामांच्या अक्षरात निळ्या मार्करनं लिहिलं होतं: "४:१० ला कापला. २ च्या आधी आत नेऊ नये." शेजारी चुलीच्या उबेला मटकीचं पातेलं होतं, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं.